सहाव्या ओळीतली चूक

मला इंग्रजी टायपिंग येतं, पण ते एकाच गाण्यावर येतं. गाणं नसेल तर माझी बोटं पहिल्यांदाच सरकारी कचेरीत आलेल्या माणसासारखी या टेबलावरून त्या टेबलाकडे हिंडत राहतात. गाणंही कुठलं, तर अमेरिकेतलं, माझ्या जन्माच्या आधीचं, रॉक अँड रोल नावाचा प्रकार नुकता कुठे सुरू झाला होता तेव्हाचं. त्यात तो माणूस नक्की काय म्हणतो हे मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही शपथेवर सांगता येणार नाही. हे सगळं सरांमुळे झालं.

सरांचा टायपिंग क्लास मरोळच्या गावठाणात होता, चर्चच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या राहत्या घराच्या तळमजल्यावर. सर ईस्ट इंडियन. म्हणजे मुंबईची मुंबई व्हायच्या आधीपासून इथे असलेले ख्रिस्ती. घरात मराठी बोलायचे, देवाशी इंग्रजी आणि टाइपरायटरशी दोन्ही. अंगात पांढरा फुल शर्ट, गळ्यात टाय आणि पायात हवाई चप्पल. "टाय मशीनला मान देण्यासाठी, चप्पल मला हवा लागण्यासाठी," असा खुलासा ते दर नव्या बॅचला न विचारता करत.

मशीनं सहा होती आणि सरांनी त्यांना आपल्या सहा मेव्हण्यांची नावं दिली होती. प्रत्येकीचं एकेक अक्षर अडायचं. माझ्या वाट्याला कोरीन आली होती. तिचा 'क्यू' एकदा वर गेला की हाताने धरून खाली आणावा लागे. "खरी कोरीन पण तशीच हाय," सर म्हणायचे, आणि वरच्या मजल्यावरून त्यांची बायको काहीतरी जड वस्तू जमिनीवर आपटायची. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सर एक जुना दाढीचा ब्रश घेऊन सहाही मेव्हण्यांचे दात घासत बसत. त्या वेळी कोणी फी द्यायला आलं तरी त्याला दाराबाहेर थांबावं लागे.

पण सरांचं खरं वेड भिंतीवरच्या फळीवर होतं. तिथे एक रेकॉर्ड प्लेयर होता आणि एकच रेकॉर्ड. सगळे सहा जण पाठ ताठ करून बसले की सर सुई उचलत, म्हणत, "कान पुढे, बोटं मागे," आणि सुई टेकवत. एक क्षण खरखर, आणि मग ड्रम, पियानो आणि शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडणारा तो माणूस. त्याच्या ठोक्यावर आम्ही टायपिंग करायचो. गाणं सव्वादोन मिनिटांचं. संपलं की सर सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवत. परीक्षेतला स्पीडचा उतारा सात मिनिटांचा असायचा, म्हणजे तीन वेळा गाणं आणि थोडा श्वास. सरांचं म्हणणं असं, की या ठोक्यावर बोटं टाकत गेलं की मिनिटाला बरोबर चाळीस शब्द पडतात. "एकोणचाळीस नाय आणि एकेचाळीस पण नाय. ज्याने हा ड्रम वाजवला तो नक्की टायपिस्ट असणार."

त्या रेकॉर्डवर एक चरा होता. गाणं संपत आलं की तिथे सुई अडखळायची, एकच ठोका दोनदा पडायचा, आणि मग गाडी पुढे जायची. चऱ्याची कथा सरांच्या बायकोने आम्हाला सांगितली होती. आम्ही त्यांना आँटी म्हणायचो. सरांच्या लग्नात बोटीवर नोकरीला असलेल्या कुणा चुलतभावाने ही रेकॉर्ड आणली. मांडवात ती लागली आणि सर इतके नाचले की टेबल हललं, सुई घसरली. "सगला मांडव बघते, नवरा आता माझा हात धरंल," आँटी सांगायच्या. "यो गेला धावत रेकॉर्ड उचलायला. मी तशीच उभी, हातान फुलं घेऊन." हे सांगताना त्या रागावलेल्या असत, पण पाय जमिनीवर ठोका धरत असे. मी एकदा सरांना विचारलं होतं, की फोर्टात फूटपाथवर जुन्या रेकॉर्डी मिळतात, नवी का घेत नाही? सर म्हणाले, "तो चरा माझ्या लग्नाचा एकच फोटो हाय रे. दुसरे सगळे फोटोवाल्याने धुताना जाळले."

कागद तपासायची सरांची पद्धत साधी होती. लाल पेन्सिलीने प्रत्येक चुकीभोवती गोल काढायचे. एकही गोल नसेल तर खाली लिहायचे 'छान'. एक जरी गोल असला तरी खाली लिहायचे 'पुन्हा'. तिसरा शेरा नव्हता. मी क्लासला होतो त्या सगळ्या महिन्यांत माझ्या एकाही कागदावर 'छान' आलं नाही. 'पुन्हा' इतक्या वेळा आलं, की सर माझा कागद हातात घेताना आधी 'पुन्हा' लिहीत आणि मग चुका शोधत.

मी त्या क्लासला हौसेने गेलो नव्हतो. बाबा गिरणीत होते आणि संपानंतर गिरणी उघडलीच नाही. ते आमच्या अंधेरीच्या चाळीतल्या खोलीत दिवसभर पेपर वाचायचे, जाहिरातींसकट. मामाने त्याच्या ओळखीच्या एका ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला होता. जागा होती, साहेब तयार होता, फक्त टायपिंगचं सर्टिफिकेट दाखवायचं होतं. ते मिळालं की घरात पगार येणार होता. बाबांनी मला कधी "अभ्यास कर" असं म्हटलं नाही. मी क्लासहून आलो की ते फक्त माझ्या बोटांकडे बघायचे.

आता माझ्याविषयी थोडं. मी स्वतःला गाण्यातला जाणकार समजत होतो. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात नाट्यगीत स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला होता. स्पर्धक तिघे होते, ही माहिती मी कोणी विचारल्याशिवाय देत नसे. त्यामुळे सरांचं गाणं पहिल्या दिवशी ऐकल्यावर मी नाक मुरडलं. सरांना म्हणालो, "सर, यात सूर कुठे आहे?" सर म्हणाले, "सूर नंतर बघू. आधी मांडी थांबव." खाली बघितलं तर माझी उजवी मांडी त्या ठोक्यावर उडत होती. मी ती हाताने दाबून धरली, तर डावी सुरू झाली.

तीन आठवड्यांत माझी पुरती वाट लागली. आमच्या खोलीत एकादशीला भजन असायचं आणि टाळ माझ्याकडे असायचे. एका एकादशीला बुवा गाता गाता थांबले. "टाळ कोण वाजवता?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबा रे, विठ्ठल विटेवर उभो आसा," बुवा म्हणाले, "तेका नाचूक लावू नको." आरतीत तर दर थोड्या वेळाने माझी एक टाळी जास्त पडायची, बरोबर त्या चऱ्याच्या जागी. जेवतानाही बोटं ताटावर चालायची. आई म्हणायची, "मेल्या, जेवतंस की परीक्षा देतंस?"

एकदा बॅचमधल्या एका मुलाने डिस्कोची कॅसेट आणली. सर हट्टी होते पण अन्यायी नव्हते. म्हणाले, लावून बघू. दोन दिवस आम्ही त्यावर टायपिंग केलं. पहिल्या दिवशी झकास वाटलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा स्पीड पडला. सरांनी कॅसेट काढून त्या मुलाच्या हातात दिली आणि फळीवरची धूळ पुसत म्हणाले, "गाणं वाईट नाय. पण ते दमतं. हे बघ, मी हे लग्नापासून ऐकतो. क्लास काढल्यापासून दिवसाला चाळीस वेळा. कंटाळा यायला पायजे ना मला? मी वाट बघतो. येतच नाय." हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. आपल्याला एखादा आजार आहे आणि तो कुणा डॉक्टरला सापडत नाही, अशासारखा.

मलाही ते कोडं तेव्हापासून आहे. त्या गाण्यात तीनच कॉर्ड आहेत, शब्द बहुधा पोरकट असावेत, आणि शेवटी तो माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो. तरी सुई टेकली की दर वेळी असं वाटायचं, की आत्ता काहीतरी मोठं होणार आहे आणि आपल्याला आमंत्रण आहे.

परीक्षेच्या दिवशी सहाही मेव्हण्या हातगाडीवर गोधडीत गुंडाळून केंद्रावर गेल्या. तेव्हा क्लासवाल्यांनी आपापली मशीनं घेऊन जायची पद्धत होती. सर टाय सावरत हातगाडीच्या पुढे चालत होते. हॉलमध्ये अर्थातच गाणं लावता येणार नव्हतं. दारात सरांनी आम्हाला जवळ बोलावलं. "घंटा झाली की डोक्यात सुई टेकवायची. आणि मग कोणाचंच ऐकायचं नाय." घंटा झाली. आम्ही सुई टेकवली. सहा जणांचे सहा पाय बाकाखाली एकत्र हलत होते, आणि पर्यवेक्षक आम्हाला काही त्रास होतोय का, म्हणून दोनदा येऊन बघून गेले.

निकाल लागला तेव्हा सगळ्यांचे नंबर होते, आमच्या सहा जणांचे नव्हते. सरांना नोटीस आली होती. आमच्या सहाही कागदांवर सहाव्या, तेराव्या आणि विसाव्या ओळीत, त्याच शब्दात, तेच अक्षर दोनदा पडलं होतं. त्यावरून परीक्षा घेणाऱ्यांचा कयास असा, की उतारा सरांना आधीच मिळाला होता, सहाही कागद त्यांनी स्वतः टाईप करून ठेवले आणि परीक्षेनंतर मशीनं उचलायला आत आले तेव्हा बदलले. पंधरा दिवसांनी सुनावणीला येऊन खुलासा करा, नाहीतर क्लासची मान्यता रद्द.

सरांनी ती नोटीस आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "बघ! सहाच्या सहा! डोक्यात गाणं, बाहेर चिडीचूप, आणि एका अक्षराचा फरक नाय! कुठला मास्तर करून दाखवंल?" आँटी जिन्यावर उभ्या होत्या. "क्लास बंद करतात ते तुझा," त्या म्हणाल्या. "समजतं का तुला काय?" सरांना समजलं, पण थोडं उशिरा. ते खुर्चीवर बसले आणि त्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड लावली नाही. मी क्लासमध्ये शांतता पहिल्यांदा ऐकली आणि मला ती अजिबात आवडली नाही.

यापुढचा भाग मी आतापर्यंत कोणालाही सांगितलेला नाही. तो सांगताना मी चांगला दिसत नाही, हे त्याचं कारण.

मामाचा निरोप आला की जागा महिनाअखेरपर्यंतच थांबेल. मी वांद्र्याला परीक्षेच्या ऑफिसात चौकशीला गेलो. तिथल्या एका कारकुनाने मला व्हरांड्यात नेलं आणि हाताने लिहिलेला एक कच्चा मसुदा दिला. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, की कागद सरांनी बदलले, आम्ही गप्प राहिलो, मला पश्चात्ताप होतो. "टाईप कर, सही कर, सुनावणीला घेऊन ये. आमची फाईल मिटेल, तुझा निकाल सुटेल," तो म्हणाला. "मास्तर काय, म्हातारा माणूस. तुझं सगळं आयुष्य पडलंय यार."

मी तो मसुदा घरी आणला. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. मी दुसऱ्या दिवशी तो टाईप करायचं ठरवलं.

आता टाईप करायचा कुठे? आमच्या चाळीत टाइपरायटर नव्हता. बाहेर पैसे देऊन करून घ्यावा, तर वाचणारा काय म्हणेल ही लाज. तेव्हा सरांविरुद्धचा तो जबाब मी सरांच्याच क्लासमध्ये, सरांच्या कोरीनवर, सर तीन हातांच्या अंतरावर उभे असताना टाईप केला. सरांनी दोन दिवसांनी पुन्हा रेकॉर्ड लावायला सुरुवात केली होती. त्यांनी सुई टेकवली आणि माझी बोटं सुरू झाली. सर मागून गेले तेव्हा मी कागद झाकायला पुढे वाकलो, पण ते फक्त म्हणाले, "खांदे खाली. तुझे खांदे वर जातात." मी खांदे खाली घेतले आणि पुढचं खोटं वाक्य टाईप केलं. मग बाहेर जाऊन सही केली, कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. तो परत वाचला नाही. वाचला असता तर ही गोष्ट तिथेच वेगळी झाली असती.

सुनावणीला सरांनी मलाच बरोबर घेतलं. का, ते बसमध्ये सांगितलं. रेकॉर्ड प्लेयर त्यांच्या मांडीवर होता, रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळून माझ्या. "बाकीची पोरं घाबरली तर सुधारतात. तुझा भरवसा हाय. तू चुकणार म्हणजे चुकणार." माझ्याबद्दल इतका विश्वास तोवर कोणी दाखवला नव्हता. खिशातला कागद मला छातीवर टोचत होता.

सुनावणी घेणाऱ्या मॅडम कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, हातात एक फूटपट्टी घेऊन बसलेल्या. कधीकाळी त्या स्वतः टायपिस्ट होत्या, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. सरांनी त्यांना रेकॉर्ड, ठोका, चरा, सगळं समजावून सांगितलं. लग्नातलं टेबलही सांगितलं.

"टायपिंगच्या क्लासमध्ये गाणं?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गाण्याच्या क्लासमध्ये टायपिंग म्हणा, चालंल. पण एकदा बघा."

पंख्याची पिन काढून तिथे रेकॉर्ड प्लेयरची पिन घालण्यात आली. मला ऑफिसातल्या एका मशीनवर बसवलं आणि कुठलंसं परिपत्रक समोर ठेवलं. सर मॅडमना म्हणाले, "सहावी ओळ बघा. तेरावी बघा. विसावी बघा." आणि सुई टेकवली.

पहिल्यांदा गाणं वाजलं तेव्हा बाजूच्या खोलीतले दोघे दारात आले. दुसऱ्यांदा आठ-दहा जण होते आणि शिपायाच्या हातातल्या ट्रेवर कप वाजत होते. तिसऱ्यांदा मॅडमच्या बांगड्या टेबलाच्या कडेवर ठोका धरत होत्या, त्यांच्या नकळत. हे सगळं मला नंतर कळलं. मला त्या सात मिनिटांत गाणं ऐकूच आलं नाही. मला फक्त खिशातला कागद ऐकू येत होता. गेले कित्येक महिने जे गाणं माझ्या जेवणात, भजनात, झोपेत शिरलं होतं, ते हाताच्या अंतरावर वाजत असताना मला मिळालं नाही.

सरांनी कागद मशीनमधून काढला. लाल पेन्सिल घेऊन सहाव्या ओळीवर आले. मग तेराव्या. मग विसाव्या. मग पुन्हा वरून सुरुवात केली. एकही चूक नव्हती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे रडतील. ते हसले. अगदी तोंडभर. मॅडमच्या टेबलावर कागद ठेवून त्यांनी खाली मोठ्या अक्षरात 'छान' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

"मग यातून सिद्ध काय झालं?" मॅडमनी विचारलं.

सरांना तेव्हा आठवलं, की आपण इथे कशासाठी आलोय. त्यांनी क्षणभर कागदाकडे पाहिलं. "सिद्ध काय नाय झालं, मॅडम," ते म्हणाले. "पोरगा शिकला."

त्या वाक्याने मला जे झालं त्याला धैर्य म्हणू नये. मी इतकी वर्षं त्याला धैर्य म्हणायचा प्रयत्न करून बघितला, जमत नाही. मला फक्त सहन झालं नाही. आणि तेव्हाच, आयुष्यात बहुधा एकदाच, माझं डोकं वेळेवर चाललं. जबाब मी कोरीनवर टाईप केला होता. गाणं लावलेलं होतं. सुई टेकल्यापासून सुरुवात केली होती.

मी खिशातून कागद काढून मॅडमसमोर ठेवला. "मॅडम, हेही माझंच टायपिंग आहे. मजकूर वाचू नका. चुका बघा."

मजकूर वाचू नका म्हटल्यावर जे होतं तेच झालं. मॅडमनी आधी मजकूर वाचला. त्यांची भुवई वर गेली. भाषा कोणाची ते ओळखून त्यांनी माझ्याकडे, मग दारातल्या गर्दीत उभ्या असलेल्या त्या मसुदेवाल्या कारकुनाकडे पाहिलं, आणि तो कपांच्या मागे कुठेतरी नाहीसा झाला. मग त्यांनी फूटपट्टी घेतली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेल्या. सहाव्या ओळीत 'पश्चात्ताप' या अर्थाच्या शब्दात एक अक्षर दोनदा. तेराव्या ओळीत आणखी एक. त्यांनी आमचे परीक्षेचे कागद बाजूला ठेवून ओळी जुळवून पाहिल्या.

"हे खरं आहे, यात लिहिलंय ते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सही तुझी?"

"हो."

"म्हणजे खोटं बोलायला बसलास आणि बोटांनी सरांची बाजू घेतली." त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली. "हा कागद मी फाईलला लावत नाही. लावला तर मला अजून चार लिहावे लागतील. निकाल सोडते. आणि सर, पुढच्या बॅचला ती चरा नसलेली रेकॉर्ड आणा."

"बघतो, मॅडम," सर म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळत होतं, की ते बघणार नाहीत.

मग सरांनी हात पुढे केला. "दे बघू तो कागद."

मी त्यांच्या चपलांकडे बघत उभा राहिलो. लाल पेन्सिलीचा आवाज येत होता, गोल काढल्याचा. एक. मग दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही. मग तिसरा. सर कागद अक्षराअक्षराने तपासायचे, त्यांना मजकूर कधी कळायचाच नाही, असं ते स्वतःच सांगत. मी सरांच्या देवाला आणि आमच्या विठ्ठलाला वेगवेगळा नवस बोललो, की आजही तसंच होऊ दे. सरांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली. वर खिशावरून एकदा हात फिरवला.

बसमध्ये मी म्हणालो, "सर, तो कागद..."

"रेकॉर्ड सरळ धर," सर म्हणाले. "वाकली तर दुसरा चरा पडंल."

सर्टिफिकेट मिळालं, नोकरी मिळाली. पहिला पगार बाबांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी नोटांकडे नाही, माझ्या बोटांकडेच पाहिलं. पेढे घेऊन मी क्लासला गेलो, दारातूनच आँटींच्या हातात पुडा दिला आणि निघालो. आतून गाण्याचा आवाज येत होता. पुढे कामाचं निमित्त होतं, मग लग्नाचं, मग घर लांब झाल्याचं. मरोळवरून बस जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघायचो. तो कागद मी कधी उघडला नाही. फाडून टाकायला हवा होता, पण फाडायलाही तो हातात घ्यावा लागला असता. सर्टिफिकेटच्या फाईलमध्ये, सर्टिफिकेटच्याच मागे तो पडून राहिला.

मग बऱ्याच वर्षांनी एक आमंत्रण आलं. सर आणि आँटींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. पाकिटावर माझा पत्ता टाईप केलेला होता. 'क्यू' अर्धा वर गेलेला दिसला आणि मी न जाण्याची सगळी कारणं विसरलो.

गावठाणातल्या मैदानात मांडव होता. सरांचे जुने विद्यार्थी चाळीसएक तरी असतील. बँकवाले, कोर्टवाले, दोघे-तिघे निवृत्त झालेले. सर खुर्चीत बसले होते, टाय आणि हवाई चप्पल. मी जवळ गेलो. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळेना. मग म्हणाले, "खांदे अजून वरच हायत तुझे."

गाणं लावायला भाड्याने आणलेला एक तरुण डीजे होता. त्याच्याकडे ते गाणं कॉम्प्युटरवर होतं, धुतल्यासारखं स्वच्छ. सुरू झाल्याबरोबर पोटं सुटलेली ती चाळीस माणसं उभी राहिली. मीही. आम्ही नाचत होतो की खुर्च्यांवर आदळत होतो हे सांगणं कठीण, पण ठोका एक होता. सर बसल्या जागी दोन्ही हातांनी हवेत टायपिंग करत होते. गाणं संपत आलं, आणि त्या जागी आम्ही सगळ्या चाळीस जणांनी एकदम एक टाळी जास्त वाजवली. कॉम्प्युटरमधलं गाणं सरळ पुढे निघून गेलं. आम्ही सगळे एक ठोका मागे राहिलो, आणि तसेच मागे राहून शेवटपर्यंत नाचलो. डीजे आपलं मशीन तपासत होता. आँटींनी सरांचा हात धरला होता आणि या वेळी सर कुठेही धावले नाहीत.

त्या दिवशी घरी आल्यावर मी फाईल काढली. कागद घडीवर पिवळा पडला होता. सहाव्या ओळीत गोल. तेराव्या ओळीत गोल. तिसरा गोल अगदी खाली, माझ्या सहीभोवती. सहीत स्पेलिंगची चूक नव्हती, मी चार वेळा तपासलं.

त्याखाली सरांच्या शेऱ्याची जागा होती. माझ्या शेकडो कागदांवर त्या जागी 'पुन्हा' लिहिलेलं आहे. या एकाच कागदावर तीन चुका असूनही सरांनी ते लिहिलं नव्हतं.